मु. पो. एसटी

अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात मोठं घर कुणाचं, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता सांगेन की आमच्या पॅसेंजर बाबांचं. बंगलेवाले, फार्महाऊसवाले, आमच्या कॉलनीच्या तोंडाशी तीन मजले चढवून वर पुन्हा पत्र्याची खोली टाकणारे कंत्राटदार, सगळे बाजूला राहू द्या. बाबांच्या घराला दोन्ही अंगांनी खिडक्याच खिडक्या होत्या. दाराशी ड्रायव्हर होता, आत माणसांची ये-जा होती, आणि समोरचा देखावा रोज बदलून मिळायचा. सोमवारी दौलताबादचा किल्ला, मंगळवारी पैठणकडची उसाची रानं, बुधवारी कन्नडचा बाजार. घर लाल रंगाचं होतं, त्याला सहा चाकं होती आणि ते सरकारच्या मालकीचं होतं, एवढाच काय तो फरक. पण भाड्याच्या घरात राहणारा माणूस कुठे सारखं सांगत फिरतो की हे घर माझं नाही म्हणून?

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. कन्नड तालुक्यात, पिशोरच्याही पलीकडे एका खेड्यात माझी शाळा. गावाचं नाव सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. राहायला मी संभाजीनगरात, आणि सकाळी सातची कन्नडवरून जाणारी पिशोर गाडी पकडून रोज जायचं, संध्याकाळी तसंच हाडं खिळखिळी करत परत यायचं. असे आम्ही सात-आठ अप-डाऊनवाले होतो. त्या गाडीत पहिल्यांदा बाबा भेटले तेव्हा मी पायरीवर एक पाय ठेवलेला, आणि समोरच्या सीटवरून एक शिडशिडीत म्हातारा माणूस अर्धवट उठून हात पुढे करत म्हणाला, "या, या. बसा. सीट पुसलीय म्या." मला वाटलं कुणीतरी ओळखीचं. डोकं खाजवत मी विचारलं, "बाबा, आपण कुठे भेटलोय का?" तर म्हणाले, "आता भेटलो की." असं ते प्रत्येकाला म्हणायचे. डोक्यावर चाऱ्याची पेंढी घेऊन चढणारी बाई असो की कडक इस्त्रीचा तलाठी, बाबा त्याला या-बसा म्हणायचे, सरकून जागा द्यायचे, आपल्या बाटलीतलं पाणी विचारायचे. कुणी शेंगांची टरफलं खाली टाकली तर काही बोलायचे नाहीत, नुसतं टरफलांकडे आणि मग त्या माणसाकडे बघायचे. मी मी म्हणणारी माणसं त्या नजरेनं खाली वाकून टरफलं वेचताना मी पाहिली आहेत. वर्गात ही नजर मला तीस वर्षांत जमली नाही.

पंचाहत्तरी गाठली की एसटीचा प्रवास फुकट, ही सवलत सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी तिचा अर्थ लेकीकडे जाणं, देवाला जाणं, फार तर तालुक्याला जाऊन डोळे तपासून येणं असा घेतला. बाबांनी तो राहायला जाणं असा घेतला. सकाळी पहिल्या गाडीत बसायचं, संध्याकाळी शेवटच्या गाडीनं परतायचं, आणि मधल्या चार घटका आमच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाकावर पाठ टेकायची, असा त्यांचा संसार होता. त्यांची दोन बोचकी होती, एक कपड्यांचं आणि एक किरकोळ. आंघोळ कन्नडच्या स्टँडवर, कारण तिथलं पाणी हलकं. दाढी पिशोरला, कारण तिथला न्हावी गप्प बसतो. उन्हाळ्यात डोंगराकडच्या गाड्या, थंडीत उन्हाच्या बाजूची खिडकी, आणि पोट बिघडलं असेल तर पैठणची, कारण तो रस्ता म्हणे पोटाला मानवतो. टॉवेल, सदरा, जे काय धुतलं असेल ते खिडकीच्या दांडीला बांधून बसायचे. "वेरूळ येईस्तोवर टावेल वाळतोय सर," असं मला एकदा त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. "आणि सदरा?" मी विचारलं. "सदऱ्याला कन्नड लागतं. त्याला अस्तर हाय."

तिकिटाच्या बाबतीत मात्र ते भारी हट्टी. फुकट प्रवासवाल्यालाही कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. घाईत एखादा कंडक्टर म्हणायचा, "राहू द्या ना बाबा, तुम्हाला कोण विचारतंय." मग बाबा उभे राहायचे. आवाज चढवायचे नाहीत, पण बसायचेही नाहीत. "फुकट आसलं म्हून काय झालं, मी पॅसेंजर हाय का नाय? मंग तिकीट काढा." शेवटी कंडक्टर वैतागून मशीन दाबायचा. तो चिटोरा हातात पडला की त्याची नीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात, आधार कार्डाच्या पाठीशी. सुरुवातीला मला ही म्हातारपणाची खोड वाटली. मग एके दिवशी संध्याकाळी स्टँडवर पाहिलं. वॉचमन बाकांवर आडव्या झालेल्या लोकांना उठवत चालला होता. एका बाईला उठवलं, एका पाय नसलेल्या माणसाला उठवलं, आणि बाबांपाशी येऊन थांबला. "बाबा, टिकट है क्या?" बाबांनी तिकीट काढून दाखवलं. वॉचमन मान हलवून पुढे गेला. बाबांच्या हिशेबी जगात माणसांचे दोनच प्रकार होते. ज्याच्या खिशात तिकीट तो पॅसेंजर आणि ज्याच्या खिशात नाही तो बेघर. आपण कोणत्या प्रकारात आहोत, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

गंमत म्हणजे आम्हा अप-डाऊनवाल्यांत त्यांच्या प्रश्नावर सारखी चर्चा व्हायची, आणि ती त्यांच्यासमोरच व्हायची. बँकेतले एक साहेब म्हणायचे की अशा लोकांना आश्रमात नेऊन ठेवायला पाहिजे. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणायच्या, आधी तपासण्या करा, औषधं चालू करा. मी मास्तर, त्यामुळे माझं उत्तर नेहमी समिती नेमण्याचं. आणि बाबा मध्ये बसून सगळ्यांचं मन लावून ऐकायचे, माना डोलवायचे, अधूनमधून स्वतःचीही भर घालायचे. "त्यायला ठेवून दिल्यानं काय व्हतंय सायेब," ते एकदा अगदी कळकळीनं म्हणाले. "मानूस काय पेटी हाय का? त्याला सकाळी उठून कुटंतरी जायाचं आसतं." कुणा तिसऱ्याच गरीब माणसाबद्दल बोलावं तसं. पुढचा थांबा येईपर्यंत सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

एकदा खरोखरच महापालिकेची माणसं आली होती. भली माणसं, खोटं का बोला. त्यांनी बाबांना निवारा केंद्रात नेलं, तिथे फॉर्म भरला, गादी दिली, दोन वेळचं गरम जेवण दिलं. तिसऱ्या दिवशी बाबा सातच्या गाडीत हजर. मी चिडलो. म्हटलं, "अहो बाबा, काय कमी होतं तिथे? हा काय पोरखेळ आहे?" ते म्हणाले, "कमी कायच नव्हतं. वरण तर लई झ्याक. पन सर, तितं समदे बेघर हायत." मी कपाळाला हात लावला. थोड्या वेळानं, कन्नडच्या अलीकडे, ते आपणहून बोलले. "तितं जेवन झालं की समदे भिताडाकडं तोंड करून बसतेत. कुनी कुनाला या म्हनत नाय." एवढंच बोलले आणि समोरच्या बाईचं लेकरू मांडीवर घेऊन त्याला म्हशी दाखवत बसले.

आधीचं आयुष्य त्यांनी सलग कधी सांगितलं नाही. तुकडे जोडून मला जे कळलं ते असं, की तीस-एक वर्षं ते वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर चौकीदार होते आणि गेटाशेजारच्याच केबिनीत राहत होते. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. गावाकडे पुतणे आहेत, ते ओळख देतात, पण बस म्हणत नाहीत. नोकरी होती तोवर केबिन होती. कारखाना बंद पडला, नोकरी गेली, आणि केबिनही त्याच दिवशी गेली. "जलमभर दुसऱ्याच्या दाराला बसलो," ते म्हणाले होते, "तवा आपल्याला दार न्हाई हे ध्यानातच आलं नाय." हे सांगताना हसत होते. मला काही हसू आलं नाही.

आणि मग तो सदऱ्याचा घोळ झाला. मार्च महिना, वारा सुटलेला. सदरा दांडीला बांधलेला, आणि खिसा रिकामा करायचं बाबा विसरले. दौलताबादच्या पुढे घाटाच्या वळणावर गाठ सुटली आणि सदरा भुर्रकन गेला. ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं गाडी थांबवली, आम्ही चार जण खाली उतरून काट्याकुट्यांत शोधून आलो. सदरा सापडला. आधार कार्ड नाही. सुरुवातीला बाबांनी मनाला लावून घेतलं नाही. ओळखीचे कंडक्टर चालवून घेत होते. पण महिन्याभरात त्या मार्गावर नवा कंडक्टर आला, तपासणीही वाढली. पोरगा नम्र होता, त्यानं नुसतं विचारलं, "बाबा, वयाचा काही पुरावा आहे का?" बाबांनी एकदा आपल्या पांढऱ्या डोक्यावरून हात फिरवला. मग बोचकी उचलली आणि खाली उतरले. मी म्हटलं, अहो, मी तिकीट काढतो तुमचं. तर म्हणाले, "आज काडताल. उद्या?" गाडी सुटली. गेटाजवळ दोन्ही हातांत दोन बोचकी घेऊन ते उभे होते. त्या दिवशी गाडीत चढणाऱ्यांना कुणी या म्हणालं नाही.

त्यानंतर ते स्टँडवरच दिसायचे. बाकावर नाही, प्रसाधनगृहाच्या भिंतीशी, जिथे वॉचमन फारसा येत नाही. वॉचमनला त्यांची दया यायची, तो त्यांना उठवत नव्हता. पण उठवत नाही हेच बाबांना लागलं असावं, कारण तो दिसला की ते आपणहून उठून बाहेर रस्त्यावर जायचे. महिन्यात माणूस निम्मा झाला. हाक मारली तर बघायचे, पण ओळख पटायला वेळ लागायचा. मला स्पष्ट दिसत होतं की हे कार्ड मिळालं नाही तर बाबा पावसाळा काढत नाहीत.

मी त्यांना आधार केंद्रावर नेलं. नंबर निवारा केंद्राच्या फॉर्मवर सापडला. अंगठे झिजलेले, चार वेळा पुसून पुसून एकदाचा पाचव्यांदा उमटला. मग खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, नवीन कार्ड पोस्टानं येईल, पण पत्ता वाळूजचा आहे, कंपनीचा गेट. ती कंपनी आहे का आता?" नव्हती. "मग पत्ता बदला. कुठे राहतात ते?" बाबांनी उत्तर देण्याआधी मीच घाईनं म्हणालो, "दाखला आणतो." निवारा केंद्राचा पत्ता चालला असता, पण बाबांनी मान हलवली. "मरोस्तोवर कागदावर बेघर लिवून घ्यू का?"

दाखला आणतो असं मी ज्या तोऱ्यात म्हणालो त्याचं कारण आता सांगून टाकतो. सरकारी नियमाप्रमाणे मास्तरानं शाळेच्या गावीच राहायचं असतं, तरच घरभाडं मिळतं. आणि मी तिथे राहतो असा ग्रामपंचायतीचा दाखला माझ्याकडे दरवर्षी असायचा. त्या गावात मी आयुष्यात एक रात्र काढलेली नाही. दाखला मिळायला चहा पिण्याइतका वेळ लागायचा. तेव्हा जिथे माझा खोटा पत्ता होतो तिथे बाबांचाही होईल, असा माझा साधा हिशेब. आमचे ग्रामसेवक म्हणजे भाऊसाहेब, दिलदार माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "नाय सर, हे नाय जमायचं." मी म्हटलं, "का? मला देता की." तर ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्ही हितं राहत नाय आन् कधी राहायला येनार नाय, हे सगळ्या गावाला माहितीय. म्हनून दाखला द्यायला कुनाला भ्याव वाटत नाय. हे म्हातारं कागद घेऊन खरंच राह्यला आलं तर?"

परतीच्या गाडीत मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या. वेरूळ आलं तोवर शिव्या संपल्या. कारण भाऊसाहेबांनी बोलून दाखवली ती भीती माझीच होती. संभाजीनगरात माझा स्वतःचा फ्लॅट आहे, दोन खोल्या आणि हॉल. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी पुण्याला, तिचा फोन रविवारी. मागच्या खोलीचं दार मी आठ-आठ दिवस उघडत नाही. आधार केंद्रावर त्या मुलीनं विचारलं तेव्हा माझा पत्ता माझ्या जिभेवर आला होता, आणि मी तो गिळला होता. का, तर उद्या बाबा दोन बोचकी घेऊन दारात उभे राहिले तर? या-बसा म्हणायची वेळ माझ्यावर आली तर? दुनियेला समिती नेमायला सांगणारा मी, माझी ही अशी लायकी. लाज वाटली, खरंच वाटली. तरीसुद्धा आणखी पंधरा दिवस मी टाळाटाळ केलीच. शेवटी एका दुपारी स्टँडवर गेलो तर बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांना तसंच उठवलं, रिक्षात घातलं, केंद्रावर नेलं आणि फॉर्मवर माझा पत्ता लिहून दिला. 'द्वारा' असं लिहून पुढे माझं नाव. सही केली ती परोपकाराच्या उमाळ्यानं नाही, भीत भीतच केली.

मे अखेर मी निवृत्त झालो. हार-तुरे झाले, भाऊसाहेबांनी शाल दिली. जूनमध्ये कार्ड आलं. पोस्टमननं विचारलं, "हे इथेच राहतात का?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड घेऊन सातच्या गाडीवर गेलो. बाबांना सीटवर बसवलं आणि कार्ड हातात दिलं. तो नवा कंडक्टर जवळ येण्याआधी ते मला म्हणाले, "वाचा की." मी वाचलं. त्यांचं नाव, द्वारा माझं नाव, फ्लॅट नंबर चार, दुसरा मजला. "दुसरा मजला," बाबा म्हणाले. "हवा चांगली येत आसंल."

"येते. चला ना मग. खोली रिकामीच आहे."

बोलून गेलो. इतके दिवस टाळलेलं वाक्य इतक्या सहज बाहेर पडलं की माझा मलाच विश्वास बसेना. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी असं निरखून मला कधी पाहिलं नव्हतं. "सर, तुमी एकलेच ऱ्हाता व्हय तितं?" मी म्हटलं, हो. "दिवसभर?" मी म्हटलं, आता दिवसभर. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंग तितं दोगं बसून काय करायचं?" एवढ्यात कंडक्टर आला, त्यानं कार्ड पाहिलं आणि मशीन दाबलं. शेजारच्या सीटवर पिशोरच्या बाजाराला निघालेली एक म्हातारी बसली होती. तिनं मला जाता-येता कधी पाहिलं नसावं. तिनं बाबांना विचारलं, "हे कोन वो तुमचे?"

"घरचे हायत," बाबा तिकिटाची घडी घालत म्हणाले. "पोचवायला आलेत."

घंटी वाजली, मी खाली उतरलो. पोचवायला आलेली माणसं गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभी राहतात, म्हणून मीही उभा राहिलो. डोळे भरून आले होते, आणि गर्दीत तोंड कुठे लपवावं कळत नव्हतं. मागच्या खोलीत मी आता कॉट टाकली आहे, पंखा दुरुस्त करून घेतला आहे. ज्या माणसाच्या येण्याची मला इतकी धास्ती होती, त्याची आता मी वाट बघतो. ते काही येत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा मीच पहाटे उठून, दाढी करून, सातच्या गाडीवर जातो. मला कुठे जायचं नसतं, पोचवायला जातो. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत थांबतो आणि मग चालत घरी येतो.